'बरोकपासून प्रेरित' म्हणजे नेमकं कशापासून? पुलँकच्या ऑर्गन कॉन्चेर्टोबद्दल

माझ्या संशोधन आराखड्याच्या पहिल्या खर्ड्यात एक वाक्य होतं : "फ्रान्सिस पुलँकचा ऑर्गन कॉन्चेर्टो ही बरोक संगीतापासून प्रेरित झालेली आधुनिक रचना आहे." वाक्यात खोटं काही नाही. कार्यक्रमपत्रिका उघडा, सीडीचं वेष्टण वाचा, याच अर्थाचं काहीतरी सापडतं. मॅडमनी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि समासात एकच शब्द लिहिला : "कोणत्या?"

मला वाटलं त्यांना संदर्भ हवाय. मी दोन संदर्भ जोडले आणि खर्डा परत पाठवला. तो परत आला तेव्हा तोच शब्द होता, फक्त या वेळी प्रश्नचिन्हं दोन. मग कुठे डोक्यात प्रकाश पडला. बरोक म्हणजे ढोबळमानाने १६०० ते १७५० अशी दीडशे वर्षं, अर्धा युरोप, शेकडो संगीतकार. त्यातल्या नेमक्या कुठल्या गोष्टीपासून, कुठल्या मार्गाने आणि कशावरून, यातलं काहीच माझ्या वाक्यात नव्हतं. जे वाक्य चूक ठरूच शकत नाही, ते संशोधनात जागा अडवून बसतं. माझं ते वाक्य असं बसलं होतं, आणि त्याच्यावर मी अख्खं पहिलं प्रकरण उभं करायला निघालो होतो.

ही पोस्ट त्या एका शब्दाच्या उत्तराबद्दल आहे. तुम्ही संगीतावर काम करत नसाल तरी चालेल. 'प्रभाव', 'प्रेरणा', 'छाप' हे शब्द साहित्यात, चित्रकलेत, इतिहासात सगळीकडे असतात, आणि सगळीकडे तितकेच सैल वापरले जातात.

आधी रचनेची ओळख. पुलँक (१८९९–१९६३) पॅरिसचा. रोन-पुलँक ही औषधांची कंपनी जुन्या लोकांना आठवत असेल, तिच्यातलं पुलँक म्हणजे याचंच घराणं. १९३४ मध्ये या रचनेचं काम निघालं ते प्रिन्सेस एडमंड द पोलिन्याक या बाईंकडून. त्यांचं माहेरचं नाव विनारेटा सिंगर. आजीच्या घरातलं ते काळं, सोनेरी नक्षीचं सिंगर मशीन डोळ्यांसमोर आणा. त्या सिंगरची ही मुलगी. शिलाई मशीनच्या पैशातून या बाईंनी सती, स्त्राविन्स्की, फाया अशांकडून रचना लिहवून घेतल्या आणि आपल्या दिवाणखान्यात त्यांचे प्रयोग केले. बाई स्वतः ऑर्गन वाजवायच्या आणि त्या दिवाणखान्यात खराखुरा नळ्यांचा ऑर्गन होता. हे काम आधी जाँ फ्रांसेकडे गेलं होतं, तो नाही म्हणाला, मग पुलँककडे आलं. मूळ बेत असा की बाईंना स्वतःला वाजवता येईल असा सोपा ऑर्गन आणि सोबत छोटा वाद्यवृंद. पुलँकच्या हातात तो बेत वाढत गेला, रचना पूर्ण व्हायला १९३८ उजाडलं, आणि ती सोपी तर अजिबातच राहिली नाही. १६ डिसेंबर १९३८ ला बाईंच्या घरी पहिला खासगी प्रयोग झाला : ऑर्गनवर मोरिस द्यूरुफ्ले, संचालन नादिया बूलांजे. जाहीर प्रयोग २१ जून १९३९ ला पॅरिसच्या साल गावोमध्ये, पुन्हा द्यूरुफ्ले, संचालक रोजे देझोर्मिएर.

वाद्यं तीनच प्रकारची : ऑर्गन, तंतुवाद्यं आणि टिंपनी. बासरी नाही, ओबो नाही, ट्रम्पेट नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

इथे एक खुलासा करायलाच हवा, कारण मराठी माणसाला 'ऑर्गन' म्हटलं की संगीत नाटकातला पायाने भाता मारायचा ऑर्गन आठवतो. तो आणि आपली पेटी ही धातूच्या पात्यांची वाद्यं. हवा पात्यावरून जाते, पातं कंप पावतं. चर्चमधला ऑर्गन नळ्यांचा. प्रत्येक सुराला वेगळी नळी, आणि प्रत्येक जातीच्या आवाजाला नळ्यांची वेगळी रांग. वादक स्टॉप ओढतो म्हणजे कुठल्या रांगांना हवा मिळणार ते ठरवतो. बासरीसारख्या रांगा, ट्रम्पेटसारख्या रांगा, सगळ्यांत खालच्या स्वरासाठी सोळा-सोळा फूट उंचीच्या नळ्या. हातासाठी दोन-तीन किंवा जास्त पट्ट्यांचे थर आणि पायासाठी वेगळ्या पट्ट्या. म्हणजे फुंकवाद्यांचा अख्खा ताफा एका माणसाच्या हातापायांत. पुलँकने वाद्यवृंदातून फुंकवाद्यं का वगळली याचं सगळ्यांत साधं उत्तर इथेच आहे : ती ऑर्गनमध्ये आधीच आहेत.

दुसरी गोष्ट. ऑर्गनची पट्टी हळू दाबा नाहीतर आपटा, आवाज तेवढाच येतो, आणि बोट उचलेपर्यंत तेवढाच राहतो. आवाज लहानमोठा करायचा तर स्टॉप बदलायचे, दुसऱ्या थरावर जायचं, किंवा काही रांगा ज्या कपाटात बंद असतात त्याच्या झडपा पायाने उघडायच्या-मिटायच्या. आवाजाचे चढउतार उताराच्या रस्त्यासारखे नसतात, पायऱ्यांसारखे असतात.

आता मॅडमच्या प्रश्नाकडे. कोणतं बरोक?

पहिला स्वाभाविक उमेदवार हँडल. कारण 'ऑर्गन कॉन्चेर्टो' हा प्रकारच मुळात त्याने लोकप्रिय केला. लंडनमध्ये १७३५ पासून तो आपल्या ऑरेटोरिओच्या मध्यंतरांत स्वतः ऑर्गन वाजवून दाखवायचा, लोकांना ओढण्यासाठी. ऑपस ४ म्हणून सहा कॉन्चेर्टो १७३८ मध्ये छापले गेले. पुलँकच्या पहिल्या प्रयोगाच्या बरोबर दोनशे वर्षं आधी! हा योगायोग सापडला तेव्हा मी इतका खूश झालो की तो आराखड्यात ठळक अक्षरांत टाकला. टाकायला नको होता. तारखांचा योगायोग म्हणजे पुरावा नव्हे, आणि रचना शेजारी ठेवून ऐकल्या की दोनच मिनिटांत कळतं. हँडलचा ऑर्गन हा इंग्लंडातला छोटा, हलका, बहुतेक ठिकाणी पायाच्या पट्ट्यांशिवायचा. त्याच्या कॉन्चेर्टोत वेगवेगळे, स्वतंत्र भाग असतात, मध्ये थांबणं असतं, जलद भागांत वाद्यवृंदाचं पालुपद पुन्हा पुन्हा येतं आणि त्याच्या मध्ये ऑर्गन खेळतो. पुलँकची रचना वीस-पंचवीस मिनिटं न थांबता चालते. पालुपदाची ती चौकट नाही. पायाच्या पट्ट्यांचं काम भरपूर. म्हणजे नाव हँडलच्या घराण्याचं, पण चेहरा दुसऱ्याच कुणाचा.

तो चेहरा उत्तर जर्मनीतला आहे.

पुलँकने याआधी ऑर्गनसाठी काहीच लिहिलं नव्हतं. म्हणून त्याने बाख आणि बुक्स्टेहूडे यांच्या ऑर्गन रचनांचा अभ्यास केला. ही चरित्रांत नोंदलेली गोष्ट आहे, आणि आपल्या दृष्टीने ती फार मोलाची, कारण प्रभाव सिद्ध करायचा तर पहिला प्रश्न असतो : त्याच्यापर्यंत ते पोचलं होतं का? इथे उत्तर 'हो' आहे. डिटरिख बुक्स्टेहूडे १६६८ पासून १७०७ मध्ये मरेपर्यंत ल्युबेक शहरातल्या मारिएन चर्चचा ऑर्गनवादक. तरुण बाख १७०५ मध्ये त्याला ऐकायला आर्नस्टाटहून चारशेच्या आसपास किलोमीटर चालत गेला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल.

बुक्स्टेहूडेचं प्रेल्यूड हा अजब प्रकार असतो. नाव प्रेल्यूड, म्हणजे नुसती सुरुवात, पण असते ती पूर्ण रचना. आधी मुक्त भाग : धावत्या ताना, अचानक थांबणं, धक्कादायक स्वरसमूह, जणू वादक वाद्य तपासून बघतोय. मग फ्यूग, म्हणजे एक स्वरवाक्य एका आवाजात सुरू होतं, दुसरा आवाज तेच घेऊन मागून येतो, मग तिसरा, आणि सगळं शिस्तीत गुंफलं जातं. मग पुन्हा मुक्त भाग. मग पुन्हा फ्यूग, बहुधा वेगळ्या लयीत. सगळं एका दमात. या मुक्त शैलीला त्या काळी लॅटिनमध्ये 'स्टिलुस फान्टास्टिकुस' असं नाव होतं. १६५० मध्ये किर्शर नावाच्या जेझुइट विद्वानाने तिचं वर्णन केलंय. ऐकायचं असेल तर जी मायनरमधलं बुक्सडब्ल्यूव्ही १४९ ऐका. (पुलँकने नेमकं हेच पाहिलं होतं असा माझा दावा नाही. मी ते तुलनेसाठी निवडलंय, कारण स्वर तोच आहे आणि प्रकार लख्ख दिसतो. 'मी निवडलं' आणि 'त्याने वापरलं' यांतला फरक प्रबंधात दरवेळी लिहून दाखवावा लागतो. कंटाळा येतो, पण लागतो.)

आता पुलँकची रचना ऐकू. तीही न थांबता चालते आणि तिच्यात सात टप्पे आहेत, लयीच्या सूचनांवरून मोजता येतात. सुरुवातीला ऑर्गन एकटा, पूर्ण ताकदीने, जी मायनर. आपल्या भाषेत जी ला सा धरा. मग सा, कोमल गंधार आणि पंचम एकदम. बाखची जी मायनर फॅन्टसी, बीडब्ल्यूव्ही ५४२, जिने ऐकलीये तिच्या अंगावर इथे ओळखीचा काटा येतो. तोच स्वरसमूह, तोच भव्य थांबा. आणि मग लगेच सगळं खाली येतं, तंतुवाद्यं हलकेच शिरतात. दुसरा टप्पा जलद, त्यावर लिहिलंय 'जोकोझो', म्हणजे खेळकर, पण मला तो खेळकरपणा कधी पटला नाही. दात ओठ खाऊन खेळणाऱ्या मुलासारखा वाटतो. तिसऱ्यावर सूचना आहे 'सुबितो', अचानक, आणि खरंच अचानक संथ, गोड, लांबलचक भाग. मग पुन्हा जलद आणि अतिशय अस्वस्थ. मग फ्रेंचमध्ये 'अगदी शांत'. मग पहिल्या जलद भागाची लय परत, आणि इथे मला चर्चऐवजी जत्रेतला पाळणा आणि त्याच्याबरोबर वाजणारा यांत्रिक बाजा आठवतो. शेवटी सुरुवातीची लय आणि सुरुवातीचा तो जी मायनर परत.

मुक्त–जलद–मुक्त–जलद अशी ही आळीपाळी, धक्के, न थांबणं : सांगाडा बुक्स्टेहूडेच्या प्रेल्यूडचा आहे. आणि त्यातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट गायब आहे. फ्यूग नाही. मूळ प्रकारात मुक्त भागाच्या वेडेपणाला उत्तर म्हणून शिस्त येते, शास्त्र येतं. पुलँकच्या जलद भागांत ती गुंफण येत नाही, वेग येतो. म्हणजे वेडेपणाला उत्तर दुसरा वेडेपणा, आणि त्याला उत्तर गोडवा. त्याने प्रश्न घेतले आणि उत्तरं टाकून दिली, असं मी सध्या म्हणतोय. हे वाक्य चूक ठरू शकतं. उद्या कुणी स्वरलिपी उघडून दाखवलं की अमुक मापांपासून तमुक मापांपर्यंत काटेकोर अनुकरण चाललंय, तर मला मागे घ्यावं लागेल. म्हणूनच ते आधीच्या वाक्यापेक्षा बरं आहे.

इथे मला आणखी एक गोष्ट दिसली, जी लिहिताना हात थरथरला, कारण ती माझी स्वतःची वाटत होती (कुणीतरी आधी म्हटलं असेलच, शोधतोय). बाखने वायमारला असताना विवाल्दी वगैरेंचे वाद्यवृंदाचे कॉन्चेर्टो एकट्या ऑर्गनसाठी उतरवले, बीडब्ल्यूव्ही ५९२ ते ५९६. म्हणजे वाद्यवृंद ऑर्गनमध्ये ओतला. पुलँकने दोनशेहून जास्त वर्षांनी उलटं केलं : एकट्या ऑर्गनच्या फॅन्टसीचा प्रकार घेतला आणि तो ऑर्गन अधिक वाद्यवृंदात पसरवला. म्हणून या कॉन्चेर्टोत दोन पक्षांची चढाओढ फारशी जाणवत नाही. पुष्कळदा तंतुवाद्यं ऑर्गनच्या आणखी एका रांगेसारखी वागतात, जणू कुणीतरी स्टॉप ओढलाय आणि व्हायोलिनं सुरू झाली.

हे सगळं लिहून मी मोठ्या आनंदाने खर्डा पाठवला. समासात नवा प्रश्न आला : "पुलँकने ल्युबेक कधी ऐकलं?"

कधीच नाही, अर्थात. ऐकणार तरी कसं? आणि इथे दुसरा पदर सुटतो. त्याने बाख आणि बुक्स्टेहूडे छापील स्वरलिपीत वाचले, पण त्याच्या कानात जो ऑर्गन होता तो फ्रेंच, एकोणिसाव्या शतकातला. आरिस्तिद कावाये-कोल (१८११–१८९९) या कारागिराने फ्रान्सभर बांधलेले ऑर्गन अख्ख्या वाद्यवृंदाची नक्कल करणारे होते : तंतुवाद्यांसारख्या रांगा, गर्जणारी रीड्स, झडपांच्या कपाटातून हळूहळू वाढवता येणारा आवाज. बाईंच्या दिवाणखान्यातला ऑर्गनही कावाये-कोलचाच. मार्सेल द्यूप्रेने १९२० मध्ये पॅरिसला बाखच्या सगळ्या ऑर्गन रचना पाठ वाजवून दाखवल्या, त्या याच परंपरेत वाढलेल्या हातांनी. कुठले स्टॉप ओढायचे हे ठरवायला पुलँकला मदत केली द्यूरुफ्लेने, आणि स्वरलिपीवर तशी नोंद आहे. म्हणजे बांधणी सतराव्या शतकाची आणि रंग फ्रेंच सिंफनीचे.

बरं, त्या काळच्या पॅरिसमध्ये बरोक ही जुनी, धूळ खात पडलेली गोष्ट नव्हतीच, ती नवी फॅशन होती. स्त्राविन्स्कीने १९२० मध्ये 'पुलचिनेला' केलं, पेर्गोलेसीच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या रचनांवर. त्यातल्या बऱ्याच पेर्गोलेसीच्या नाहीतच हे नंतर उघड झालं. (प्रभावावर काम करणाऱ्यांनी ही गोष्ट टेबलासमोर चिकटवून ठेवावी. प्रभाव खरा, ज्याचा म्हणून सांगितला तो माणूस मात्र दुसराच.) वांडा लांडोव्स्का हार्पसिकॉर्ड पुन्हा मंचावर आणत होती. फायाच्या 'एल रेताब्लो'चा १९२३ चा प्रयोग याच पोलिन्याकबाईंच्या घरी झाला, त्यात लांडोव्स्का वाजवत होती, तिथे पुलँकची तिच्याशी ओळख झाली आणि त्यातून त्याचा हार्पसिकॉर्डचा 'कॉन्सेर शाँपेत्र' आला, १९२९ मध्ये वाजला. बूलांजेने १९३७ मध्ये मोन्तेवेर्दीच्या माद्रिगालांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. म्हणजे पुलँकपर्यंत बरोक आलं ते दोन वाटांनी. एक वाचनाची, थेट स्वरलिपीतून. दुसरी दिवाणखान्याची, मित्रमैत्रिणींच्या हातून, त्यांच्या काळाच्या आवाजात.

तुलनेला आणखी एक रचना ठेवली की हे स्पष्ट होतं. हिंडेमिटचं 'कामरमुझीक क्रमांक ७', १९२७, हाही ऑर्गन कॉन्चेर्टोच, हाही 'बरोककडे परत' अशा शीर्षकाखाली येतो. फ्रँकफर्टच्या रेडिओसाठी बसवलेल्या नव्या ऑर्गनसाठी लिहिलेला. त्यात पुलँकच्या अगदी उलट वाद्यमेळ : मुख्यतः फुंकवाद्यं, तंतुवाद्यांत नुसते चेलो आणि डबल बास. कोरडा, चिवट, एकात एक अडकलेल्या स्वररेषांचा आवाज. हिंडेमिटने नेमकी ती गुंफण घेतली जी पुलँकने सोडली. दोघांवर 'बरोकपासून प्रेरित' अशी एकच चिठ्ठी चिकटवली की दोघांतलं काहीच दिसत नाही.

एक कसोटी मी यातून शिकलो आणि माझ्याच आवडत्या मुद्द्यावर ती लावून तो गमावला. मी लिहिलं होतं की कॉन्चेर्टोतले मोठा-लहान आवाजाचे अचानक धक्के हे बरोक वैशिष्ट्य आहे. पण वर सांगितल्याप्रमाणे पायऱ्यांसारखा आवाज ही ऑर्गनच्या यंत्राचीच गरज आहे. कुठल्याही शतकातला माणूस ऑर्गनसाठी लिहील त्याच्याकडे ते येणार. शिवाय पुलँकची ही जुनी खोड आहे. १९३२ चा त्याचा दोन पियानोंचा कॉन्चेर्टो ऐका (तोही याच बाईंसाठी), तिथे पियानोवर आवाज हवा तसा वाढवता येतो तरी तो कात्रीने कापल्यासारखा एका भावातून दुसऱ्यात उडी मारतो. म्हणजे या खुणेला तीन उगम असू शकतात : बरोक, वाद्य, स्वभाव. तिन्ही शक्य असताना एकालाच श्रेय देणं बरोबर नाही. मुद्दा कापला. असंच शेवटी सुरुवात परत येण्याचं. ते बुक्स्टेहूडेच्या प्रेल्यूडमध्ये सहसा नसतं. लिस्टच्या बी मायनर सोनाटात मात्र आहे, अखंड एका भागाची रचना आणि शेवटी पहिल्या स्वरांकडे परत. म्हणजे चौकट एकोणिसाव्या शतकाची. तोही मुद्दा बरोकच्या रकान्यातून काढला.

आणि आता सगळ्यांना आवडणारी गोष्ट. ऑगस्ट १९३६ मध्ये पुलँकचा मित्र, संगीतकार आणि समीक्षक प्येर-ऑक्ताव्ह फेरू, हंगेरीत मोटार अपघातात भयानक रीतीने गेला. हादरलेला पुलँक काही दिवसांतच रोकामादूरला, तिथल्या कृष्णवर्णी मारियेच्या देवळात गेला. त्याची हरवलेली श्रद्धा परतली आणि लगोलग त्याने 'लितानी आ ला व्हिएर्ज न्वार' लिहिलं. हे सगळं खरं आहे. त्यावरून 'ऑर्गन कॉन्चेर्टो म्हणजे फेरूसाठीचा शोक' असं लिहायचा मोह मलाही झाला होता. अर्धं पान लिहूनही झालं होतं, आणि चांगलं झालं होतं, हे दुःख. पण तारखा बघा. काम १९३४ मध्ये मिळालं, अपघाताच्या दोन वर्षं आधी. पूर्ण झालं १९३८ मध्ये, दोन वर्षांनंतर. अपघात बरोबर मध्यावर येतो. त्यामुळे 'मृत्यूने कॉन्चेर्टो जन्माला घातला' हे वाक्य पडलंच. 'मृत्यूने अर्धवट कॉन्चेर्टोचा सूर बदलला' हे उभं राहू शकतं, पण त्यासाठी तारीख असलेली पत्रं आणि कच्चे खर्डे लागतात, आधी काय होतं आणि नंतर काय झालं ते दाखवणारे. पुलँकने एका पत्रात म्हटलंय की या कॉन्चेर्टोत दोन पियानोंवाला गमत्या पुलँक दिसणार नाही, मठाच्या वाटेवरचा दिसेल. हे पत्र मी तीन ठिकाणी वाचलं, तिन्ही ठिकाणी ते फेरूच्या मृत्यूच्या परिच्छेदात ठेवलेलं होतं. परिच्छेदातली शेजारीण म्हणजे कारण नव्हे. पत्राची तारीख पत्रावरूनच घ्यायची, चरित्रकाराच्या परिच्छेदावरून नाही.

माझं वाक्य आता असं आहे : "पुलँकने ऑर्गन कॉन्चेर्टोत (१९३४–३८) उत्तर जर्मन मुक्त प्रेल्यूडची खंडरचना आणि बाखच्या जी मायनर फॅन्टसीची सुरुवातीची मुद्रा घेतली, फ्यूग वगळला, आणि हे सगळं फ्रेंच सिंफनिक ऑर्गनच्या ध्वनीत मांडलं, हँडलच्या कॉन्चेर्टोशी त्याचं नातं मुख्यतः नावापुरतं आहे." लांब आहे, कबूल. पण यातल्या प्रत्येक तुकड्याशी तुम्हाला भांडता येतं.

मॅडमनी परवा ते वाचलं, रेघ मारली नाही. समासात लिहिलं : "टिंपनी?"

खरंच की. मी ऑर्गनबद्दल बोललो, तंतुवाद्यांबद्दल बोललो, आणि वाद्यवृंदातल्या तिसऱ्या वाद्याला एक ओळही दिली नाही. बरोक काळात टिंपनी बहुतेकदा ट्रम्पेटांच्या जोडीने यायची, दोन नगारे, सा आणि पंचमाला लावलेले, राजेरजवाडे आणि सणासुदीसाठी. पुलँककडे ट्रम्पेटं नाहीत, पण ऑर्गनच्या ट्रम्पेट रांगा आहेत. म्हणजे जुनी जोडी त्याने दुसऱ्या रूपात परत जुळवली का? की ऑर्गनला स्वर धरून ठेवता येतो पण ठोका देता येत नाही, म्हणून त्याला ठोका देणारं कुणीतरी हवं होतं? आजपासून स्वरलिपी घेऊन बसलोय, टिंपनी जिथे जिथे वाजते त्या मापांच्या दोन याद्या करतोय : एक ऑर्गनची रीड्स चालू असतानाची, एक ती बंद असतानाची. पहिल्या टप्प्यापर्यंत पोचलोय.